एड्सची साथ आणि आफ्रिकेतील तरुणींचे म्हणणे

एड्सच्या जागतिक साथीचा सर्वाधिक भार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेवर पडला आहे. २०२३ मध्ये या प्रदेशातील एचआयव्हीच्या नव्या संसर्गांपैकी ६२% संसर्ग स्त्रिया व मुली यांना झाले; १५ ते २४ वर्षे वयोगटात हे प्रमाण आठवड्याला सु. ३,१०० इतके होते. वयाने मोठ्या पुरुषांशी संबंध, आर्थिक परावलंबन आणि पुरुषाकडे निरोधाचा आग्रह धरता न येणे ही याची प्रमुख कारणे होत. त्यामुळे पुरुषाच्या संमतीवाचून स्त्रीला वापरता येईल अशा प्रतिबंधक साधनाचा शोध सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेत कुरैशा अब्दुल करीम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८९ स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीत टेनोफोव्हिरयुक्त जेलमुळे संसर्ग ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले व मोठ्या आशा निर्माण झाल्या.

त्यानंतरचा अनुभव मात्र वेगळा होता. २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथील १५ केंद्रांत ५,०२९ स्त्रियांवर एक चाचणी झाली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिला ‘व्हॉइस’ म्हणजे ‘आवाज’ असे नाव दिलेले होते, हा एक योगायोगच. गोळी वा जेल नियमित वापरतो, असे सांगण्याचे प्रमाण सु. ९०% होते, प्रत्यक्षात रक्ताच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी जेमतेम ३० टक्क्यांत औषध आढळले. कोणतेही साधन उपयुक्त ठरले नाही. ज्यांना संसर्गाचा धोका सर्वांत जास्त, त्या पंचविशीच्या आतील अविवाहित तरुणींत वापर सर्वांत कमी होता.

या निष्कर्षाचा दोष स्त्रियांच्या माथी मारणे सोपे होते. संशोधकांनी तसे न करता काही सहभागी स्त्रियांना त्यांच्याच रक्ततपासणीचे निकाल दाखवून पुन्हा मुलाखती घेतल्या आणि तेव्हा कुठे कारणे बाहेर आली. दिलेल्या गोळ्या एड्सच्या रुग्णांच्या गोळ्यांसारख्याच असल्याने घरात त्या दिसल्या की आपल्यालाच रोग झाला असे समजले जाईल, ही भीती होती. औषधाच्या दुष्परिणामांविषयी ऐकीव गोष्टी पसरल्या होत्या. जोडीदार व घरच्यांचा विरोधही होता. हे केंद्रात सांगावे, तर चाचणीतून व तिच्याबरोबर मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेतून वगळले जाऊ, असे अनेकींना वाटे. लोकलज्जेची ही भीती निराधार नव्हती. आपल्याला संसर्ग असल्याचे जाहीर करणाऱ्या गुगू द्लामिनी यांचा डिसेंबर १९९८ मध्ये, त्याच महिन्यात, दरबानजवळ जमावाच्या मारहाणीने मृत्यू झाला होता.

या मुलाखतींचा परिणाम पुढील अध्ययनांवर झाला. ‘रीच’ या अध्ययनात १६ ते २१ वर्षे वयाच्या मुलींना सहा महिने गोळी व सहा महिने डॅपिव्हिरीनयुक्त योनिवलय देऊन नंतर निवड त्यांच्यावर सोपविण्यात आली, सु. दोन-तृतीयांश मुलींनी वलय पसंत केले. वलय कोणाच्या नजरेस पडत नाही आणि गोळीप्रमाणे रोज आठवणीने घ्यावे लागत नाही. सहा महिन्यांतून एकदा टोचण्याच्या लेनाकापाव्हिर या औषधाची चाचणी दक्षिण आफ्रिका व युगांडा येथे १६ ते २५ वर्षे वयाच्या ५,३३८ मुली व स्त्रियांवर झाली. अल्पवयीन मुलींना तीत घेतले होते आणि गर्भवती झालेल्यांना चाचणीत राहण्याची मुभा होती. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार हे औषध मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. ते स्वल्प किमतीत तयार करण्याचे परवाने मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एक कंपनी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये या औषधाची शिफारस केली. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने आपल्या एड्स-साहाय्य योजनेतून दिली जाणारी प्रतिबंधक औषधे गर्भवती व स्तनदा स्त्रियांपुरती मर्यादित केली होती. लेनाकापाव्हिरच्या वाटपातही त्या देशाने याच गटाला अग्रक्रम दिला. ‘व्हॉइस’च्या चाचणीत ज्यांची नोंद सर्वाधिक धोक्यातील म्हणून झाली होती, त्या अविवाहित तरुणी गर्भवती वा स्तनदा नसतील, तर या गटात मोडत नाहीत.