रान काळं आहे, पण खोल किती?

बालाघाटाच्या डोंगरपठारावर वसलेल्या लिंबागणेशच्या परिसरात फिरताना माती पावलागणिक बदलते. माळावर कुदळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या घावाला मुरूम खणकतो आणि खाली ओढ्याकाठी कमरेइतकं खणलं तरी काळी मातीच लागते. खडक दोन्हीकडे तोच, काळा बेसाल्ट. उतारावरची माती पावसाबरोबर वाहत गेली आणि सखलात साचली, एवढाच फरक. पण कुठं काय पेरायचं, हे हाच फरक ठरवतो.

‘माती जितकी काळी, तितकी कसदार,’ हा सगळ्यांत जुना गैरसमज. मराठवाड्यातल्या काळ्याभोर रानातही सेंद्रिय कर्ब बहुधा कमीच निघतो. हा रंग शेणखताचा किंवा कुजलेल्या पाल्याचा नसतो, त्यामागे बेसाल्टमधली खनिजं आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेला थोडासा कर्ब असतो. काळ्या रानाची खरी ताकद त्याच्या चिकणमातीत आहे. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल दीर्घकाळ धरते.

‘पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडतो, मग माझीच कपाशी का वाळली?’ हा प्रश्न ऐकला की मला शेतकऱ्याबरोबर त्याच्या रानात जाऊन खड्डा खणावासा वाटतो. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण मध्येच दोन-तीन आठवड्यांचा खंड ठरलेला. मीटरभर खोल भारी माती पिकाला दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल पुरवू शकते. वीतभर मुरमाड मातीत पंचवीस-तीस मिलिमीटरच मावते. भर वाढीतलं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर ओल उचलतं. म्हणजे माळावरची शिदोरी आठवड्यात संपते. तिथं आणखी एक खताचं पोतं टाकून काय होणार? खत उचलायलाही ओल लागतेच.

रब्बी ज्वारीचंही तेच. ती मुख्यतः साठलेल्या ओलीवर येते, म्हणून कृषी विद्यापीठं मातीच्या खोलीप्रमाणे वाण सांगतात. हलक्या रानाला फुले अनुराधा, भारी रानाला फुले वसुधा. शेजाऱ्याचं बियाणं चांगलं निघालं म्हणून तेच आणलं, तर त्याचं रानही आपल्यासारखंच आहे का, हे आधी पाहावं लागतं.

याचा अर्थ माळ निकामी, असा मुळीच नाही. बाजरी, मटकी, हुलगा ही पिकं कमी ओलीत निभावून नेतात. आणि सीताफळ तर बालाघाटाच्या खडकाळ उतारावर आपसूक वाढत आलंय. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उलट याच झाडाला खोल, निचरा नसलेल्या काळ्या रानात लावलं, तर पाणी साचून मुळं गुदमरतात. मोसंबीचीही तीच तक्रार.

आता चुनखडीचं. सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर अनेक जण युरिया टाकतात. पण हे लक्षण बहुतेकदा लोहाच्या कमतरतेचं असतं. लोह मातीत असतं; चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. ‘जिप्सम टाकलं की चुनखडी जाते,’ हेही खरं नाही. जिप्सम सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीसाठी असतं. जिप्समही कॅल्शियमचंच, त्यानं चुना कसा जाणार? मोसंबीसाठी तर मुक्त चुना दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ते रान टाळलेलंच बरं.

तलावातला गाळ कुठल्याही रानाला चालतो, असंही समजतात. मुरमाड रानात तो ओल धरायला मदत करतो, म्हणून तिथं जरूर पसरावा. आधीच भारी असलेल्या काळ्या रानात मात्र तो चिकणमातीत चिकणमातीचीच भर घालतो. निचरा आणखी मंदावतो आणि वाफसा लांबतो.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, पण मातीची खोली त्यात नसते. हंगामी पिकासाठी नमुना वरच्या वीतभर थरातूनच घेतात. म्हणून बाग लावण्याआधी तीन फूट खोल खड्डा घ्या आणि प्रत्येक फुटाचा नमुना वेगळा तपासायला द्या. मग त्या खड्ड्याची भिंत नीट न्याहाळा. मुरूम कुठं सुरू होतो, पांढरे चुनखडे कितव्या फुटावर दिसतात आणि मागच्या पिकाची मुळं कुठं पोहोचून आडवी वळली आहेत.