अहवाल ‘पॉझिटिव्ह’, पण जंतू जिवंत आहेत का?

थुंकीत क्षयाचे जंतू अत्यल्प असले, तरी पीसीआर तपासणी त्यांचा माग काढते. जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा यंत्रात पुन्हापुन्हा दुप्पट केला जातो. 30 आवर्तनांत एका तुकड्याच्या सुमारे 100 कोटी प्रती होऊ शकतात. ही किमया तापमानाची आहे.

सुमारे 95 अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन पेड सुटे होतात. मग 50 ते 65 अंशांदरम्यान ‘प्रायमर’ नावाचे छोटे तुकडे नेमक्या जागी चिकटतात. तापमान फार उतरले तर ते भलतीकडेही चिकटतात, फार चढले तर चिकटतच नाहीत. सुमारे 72 अंशांना विकर नवा पेड गुंफते. उष्ण झऱ्यांतील जिवाणूंत सापडलेले हे विकर 95 अंशांनाही तग धरते.

मात्र प्रती मृत जंतूंच्या डीएनएच्याही निघतात. म्हणून पूर्वी क्षयाचे उपचार घेतलेल्या ज्येष्ठांचा अहवाल बरे झाल्यावरही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. अशा वेळी स्वतःहून औषधे सुरू वा बंद करू नयेत. जुन्या उपचारांचे कागद डॉक्टरांना अवश्य दाखवावेत. जंतू जिवंत आहेत का, याचा उलगडा कल्चर तपासणीने होतो.