कागद कॉलेजकडे, हक्क विद्यार्थ्याचा

बारावीचा निकाल लागला की घराघरांत कागदपत्रांची फाइल बाहेर निघते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पासबुक. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून आपण कॉलेजच्या खिडकीत देतो आणि सुटकेचा श्वास घेतो. पुढे त्या कागदांचे काय होते, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

काही ठिकाणी काय होते ते आपण पाहतो. शिष्यवृत्तीची यादी नोटीस बोर्डावर लागते. तीत नावासमोर प्रवर्ग, उत्पन्न आणि मोबाईल नंबरही असतो. कुणीतरी यादीचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि मुलीला अनोळखी नंबरांवरून मेसेज येऊ लागतात. मुलगी घरी बोलत नाही, कारण बोलले तर "बस झालं आता कॉलेज" हे ऐकावे लागेल, ही तिला धास्ती असते. चूक कार्यालयाची, शिक्षा मुलीला! म्हणून आम्हाला वाटते की माहितीची गोपनीयता आणि शिक्षणाची समान संधी हे दोन हक्क एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

समान संधीचा हक्क संविधानाने दिला आहे. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम २९(२) सांगते. प्रवेशानंतरच्या भेदभावाविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेचे नियम काढले. संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा, असे त्यांत म्हटले होते. हे नियम कागदावर राहिले तर काय होते, याची जखम आपल्या राज्यात ताजी आहे. तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असताना जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याची कुटुंबाची तक्रार होती. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून, नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीने माहिती घ्यायची तर ती कशासाठी हे आधी सांगावे, गरजेपुरतीच घ्यावी, आणि ही सूचना मराठी किंवा उर्दूतही वाचता यावी, हे या कायद्याचे सूत्र आहे. आपल्या घरातल्या शब्दांत सांगायचे तर कॉलेजकडे दिलेली माहिती ही अमानत आहे.

आपण काय करू शकतो? ऑनलाइन अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नंबर देऊ नये. मुलीचा किंवा घरचा नंबर द्यावा, पासवर्ड स्वतःकडे ठेवावा, आणि काम झाल्यावर तिथल्या कॉम्प्युटरमधून आपल्या फाइली काढून टाकायला लावाव्यात. झेरॉक्सवर "फक्त प्रवेशासाठी" असे लिहून तारीख टाकावी. चालत असेल तिथे आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत करावीत, ती अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ साली संस्थांना बजावले आहे. तेव्हा "मूळ कागद इथेच राहतील" म्हटले तर लेखी कारण मागावे.

यादीत नंबर छापला गेला, गुणांत घोळ झाला किंवा वागणुकीत भेदभाव झाला, तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झाले नाही तर लोकपालाकडे अपील करता येते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे.

एक गोष्ट मात्र घरातल्यांनी ऐकावी. अठरा वर्षे पूर्ण झाली की संमती द्यायची ती मुलीने किंवा मुलाने स्वतः. मामू, चाचा किंवा मोहल्ल्यातला ओळखीचा क्लार्क यांना परस्पर फोन करून "आमची पोरगी रोज येते का, मार्क किती पडले" हे काढून घेणे, हा तिच्या विश्वासाला धक्का आहे. उद्या हाच क्लार्क दुसऱ्या कुणालाही तिची माहिती देईल. हवे ते तिलाच विचारावे. त्रास झाला तर कॉलेज सुटणार नाही, एवढी खात्री अम्मी-अब्बांनी प्रवेशाच्या दिवशीच द्यावी. ती खात्री असेल तरच पहिला वाईट मेसेज आल्यावर मुलगी तो त्यांना दाखवील, आणि तक्रारीचा अर्ज घरात बसून सगळे मिळून लिहितील.