बदली मदरबोर्डही सदोष निघाला तर...

ताडकळस (जि. परभणी) - हमीच्या मुदतीत संगणकाचा मदरबोर्ड बिघडला, की दुकानदार तो कंपनीकडे पाठवितो आणि काही दिवसांनी बदली बोर्ड हाती येतो. तोही चालला नाही, तर? ताडकळससारख्या गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्याचा व्यवसाय बहुधा एकाच संगणकावर चालतो. त्याच्यासाठी दुसरी फेरी म्हणजे पुन्हा तितक्याच दिवसांची बुडालेली कमाई.

बदली बोर्ड नवाच असतो, असे नाही. पुष्कळदा तो इतरांकडून परत आलेला, दुरुस्त केलेला असतो. नामांकित कंपन्यांतही असा घोळ झाला आहे. २००३ ते २००५ या काळात 'डेल'ने विकलेल्या 'ऑप्टिप्लेक्स' संगणकांतील कपॅसिटर निकामी होऊ लागले. अमेरिकेतील खटल्यात २०१० मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, सदोष बोर्डांच्या जागी पुन्हा सदोष बोर्डच बसविले गेल्याचे कंपनीने नेमलेल्या तपासणीदारालाच आढळले होते.

त्यामुळे पोचपावतीवर सही करण्यापूर्वी दुकानातच संगणक सुरू करून पाहावा. फुगलेले कपॅसिटर, वाकलेल्या पिना तपासाव्यात. जुन्या व नव्या बोर्डाचे अनुक्रमांक आणि तारखा लिहून घ्याव्यात. बदली बोर्डाला बहुधा मूळ हमीची उरलेली मुदतच लागू होते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा बोर्डही बंद पडल्यास दोष बोर्डाचाच, असे गृहीत धरू नये. बिघडलेला एसएमपीएस किंवा सदोष अर्थिंग नव्या बोर्डाचाही बळी घेऊ शकते. खात्रीचा एसएमपीएस व एकच रॅम लावून चाचणी घ्यावी.

दोष बोर्डातच असेल, तर लेखी तक्रार करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बदलून दिलेली वस्तू दोषरहितच असावी, असा आदेश आयोग देऊ शकतो. किंमत परत करण्यासही सांगू शकतो. दुकान नांदेडचे वा पुण्याचे असले, तरी ताडकळसच्या रहिवाशाला परभणीच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची असून, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेला संगणक व्यापारी वापराचा मानला जात नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते. मात्र बिल आणि पोचपावत्या जपून ठेवल्या नसतील, तर यांपैकी प्रत्येक पायरीवर अडचण येणार, हे नक्की.