एकच विषाणू, निरनिराळी गती

एचआयव्हीचा संसर्ग झाल्यानंतर उपचार न मिळाल्यास एड्सची अवस्था येण्यास सरासरीने ८ ते १० वर्षे लागतात. परंतु काही रुग्णांची प्रतिकारशक्ती दोन-तीन वर्षांतच ढासळते, तर शेकडा एकाहूनही कमी व्यक्तींच्या रक्तात औषधांविनाही विषाणूचे प्रमाण नेहमीच्या चाचणीत सापडणार नाही इतके कमी राहते. वय, क्षयासारखे जोडीचे आजार आणि विषाणूचा उपप्रकार यांच्याबरोबरच माणसाच्या जनुकांतील वैविध्यही या तफावतीला कारणीभूत असते आणि हे वैविध्य सर्व लोकसमूहांत सारखे नसल्यामुळे एका समूहावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

याचे सर्वांत परिचित उदाहरण सीसीआर-५ या जनुकाचे आहे. प्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या सीडी-४ पेशींमध्ये शिरताना विषाणूला त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी-४ प्रथिनाबरोबर बहुधा सीसीआर-५ हे प्रथिनही लागते. या जनुकाच्या एका प्रकारात डीएनएचे ३२ घटक गळालेले असतात आणि असा प्रकार आई-वडील दोघांकडूनही आलेल्या व्यक्तीला सहसा लागण होत नाही, तर एकाकडूनच आलेल्या व्यक्तीत लागणीनंतर आजार सावकाश वाढतो, हे १९९६ पासून स्पष्ट होत गेले. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे शंभरात एकाला हे दुहेरी संरक्षण लाभते. आफ्रिकेत आणि पूर्व आशियात हा प्रकार जवळजवळ नाहीच, तर भारतात तो विरळाच आढळतो.

लागण झाल्यानंतरच्या लढ्यात मात्र एचएलए जनुकांचा वाटा मोठा असतो. ही जनुके जी प्रथिने घडवतात, त्यांच्या पृष्ठभागावर एक खोबण असते; संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा त्या खोबणीत धरून बाहेर दाखवते आणि तो ओळखून मारक टी-पेशी तिचा नाश करतात. खोबणीचा आकार बदलला की त्यात बसणारा तुकडाही बदलतो. एचएलए-बी जनुकाचे २७ व ५७ या क्रमांकांचे प्रकार विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिनातील असे भाग दाखवतात की, ते बदलून निसटू पाहणाऱ्या विषाणूची स्वतःचीच वाढ मंदावते. ५७ क्रमांकाच्या प्रकाराचा एक पोटप्रकार युरोपीय वंशात, तर दुसरा आफ्रिकी वंशात आढळतो; संरक्षण दोन्हींपासून मिळते.

हे संरक्षण कायमचे असतेच असे नाही. जपानमध्ये एचएलए-बी ५१ हा प्रकार बराच आढळतो आणि साथीच्या आरंभीच्या काळात तो आजार रोखून धरण्यास साह्यभूत ठरत होता. मात्र अनेकांच्या शरीरात त्याच्याशी झगडताना विषाणूने निसटण्याचा बदल साधला, तो बदललेला विषाणू इतरांतही पसरला आणि पुढे लागण झालेल्यांना त्या प्रकाराचा लाभ उरला नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणजेच जनुकाचे मोल त्या समाजात फिरणाऱ्या विषाणूवरही अवलंबून असते. भारतात मुख्यतः सी उपप्रकाराचा विषाणू आढळत असल्याने येथील रुग्णांचा स्वतंत्र अभ्यास आवश्यक ठरतो.

अशा अभ्यासाचे फळ २०२३ मध्ये दिसले. तोपर्यंतचे बहुतेक मोठे जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले होते. त्या वर्षी आफ्रिकी वंशाच्या सुमारे ३,९०० रुग्णांची पाहणी केल्यावर पहिल्या गुणसूत्रावरील सीएचडी-१-एल जनुकाजवळचे काही बदल रक्तातील विषाणूचे प्रमाण कमी राखण्याशी निगडित असल्याचे आढळले. हे बदल आफ्रिकी वंशाबाहेर जवळजवळ नसल्यामुळे युरोपीय नमुने कितीही वाढवले असते तरी ते हाती लागले नसते.

या माहितीचा अर्थ कोणा समाजाला सुरक्षित किंवा दुबळा ठरवणे असा नव्हे, कारण एकाच समाजातील व्यक्तीव्यक्तींमध्येही मोठा फरक असतो आणि विषाणूरोधक औषधे नियमित घेतल्यास ती सर्व वंशांच्या रुग्णांना उपयोगी पडतात. भारताने २०१७ मध्ये सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी प्रत्येक रुग्णावर उपचार करण्याचे धोरण स्वीकारले, ते म्हणूनच योग्य आहे. मात्र लस आणि नवे उपचार यांची दिशा ज्या जनुकीय ज्ञानावरून ठरणार आहे, त्यात आफ्रिका आणि आशिया यांतील माणसांना पुरेसे स्थान मिळाले नाही, तर ज्यांच्यावर या साथीचा सर्वाधिक भार पडला, तेच त्या ज्ञानाच्या लाभापासून दूर राहतील.