फी वसूल करणारी शाळा

जादूची शाळा म्हटलं की आपल्याला आधी हॅरी पॉटर आठवतो. मेजवान्या, उडते झाडू, प्रेमळ हेडमास्तर... थोडक्यात काय, मजाच मजा! नाओमी नोविक या अमेरिकन लेखिकेची 'अ डेडली एज्युकेशन' (२०२०) वाचायला घेणार असाल, तर मित्रमैत्रिणींनो, हे सगळं विसरा. इथे शिक्षक नाहीत, सुट्टी नाही, घरी फोन नाही. चार वर्षं आत राहायचं आणि जिवंत राहायचं, एवढाच सिलॅबस.

शाळेचं नाव स्कोलोमान्स. ते मूळचं रुमानियन लोककथांतलं. तिथे म्हणे खुद्द सैतान जादू शिकवतो आणि दहा विद्यार्थ्यांपैकी एकाला फी म्हणून ठेवून घेतो! ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तही (१८९७) हा उल्लेख आहे. नोविकने सैतान काढून टाकला, फी मात्र ठेवली.

मग आईवडील मुलांना तिथे पाठवतातच का? कारण जादूगारांची वयात येणारी मुलं हे 'मॅल' नावाच्या राक्षसांचं आवडतं खाणं. बाहेर राहिलं तर धोका आणखी जास्त. शाळेत मॅल कमी येतात, पण येतात. त्यामुळे मेसमध्ये अन्न तपासून घ्यायचं, आंघोळीला एकटं जायचं नाही. आणि पास होऊन बाहेर पडायचं ते खालच्या हॉलमधून, जिथे भुकेले मॅल दबा धरून बसलेले असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. जादूला लागणारी शक्ती दोन प्रकारे मिळते. 'माना' ही स्वतःच्या कष्टाची. पुशअप्स काढा, कंटाळा येत असतानाही क्रोशा विणा, थेंब थेंब साठते. 'मॅलिया' ही दुसऱ्या जिवाकडून ओरबाडलेली. झटपट मिळते, पण माणूस आतून सडत जातो. नायिका एल हिला उपजत देणगी आहे ती विध्वंसाची. खोली साफ करायचा मंत्र मागितला तरी शाळा तिला माणसं मारायचा मंत्र देते! मॅलिया वापरली तर तिला कोणी अडवू शकणार नाही. तरीही ती मुकाट पुशअप्स काढते.

उलट न्यूयॉर्क, लंडन इथल्या 'एन्क्लेव्ह' म्हणजे बड्या जादूगारांच्या वसाहतींतल्या मुलांना साठवलेली माना आयती मिळते. बाकीची मुलं त्यांची कामं करतात, त्यांच्या आजूबाजूला चालतात. राक्षस आला की आधी कोण सापडणार, ते सांगायला नकोच. बदल्यात काय, तर एन्क्लेव्हमध्ये जागा मिळण्याची आशा. मला भीती वाटली ती इथे, राक्षसांची नाही. यात कोणी दुष्ट नसतं, सगळे फक्त हिशेब करत असतात. न्यूयॉर्कचा ओरियन लेक सगळ्यांना फुकट वाचवत सुटतो, तर मॅल उपाशी राहून आणखी पिसाळतात. चांगुलपणाचंही बिल कोणालातरी भरावं लागतंच!

आपल्या हॉस्टेलमध्ये राक्षस नाहीत (मेसची भाजी सोडली तर). पण कोणाला सीनियर्सच्या फाइल्स आयत्या मिळतात आणि कोण एकटं झेरॉक्सच्या लाइनीत उभं असतं, हे आपण रोज बघतोच ना?

तक्रारीही आहेत. एल सारखी थांबून नियम समजावत बसते. ऐन मारामारीत दोन पानांचं लेक्चर! दुसरी तक्रार जरा मनाला लागलेली. एलची आई वेल्श, वडील भारतीय, त्यांचं घर मुंबईजवळ, आणि एलला चक्क मराठी येतं! वाचून मी उडालेच. पण मराठी येते ती फक्त तिच्या भाषांच्या यादीत. लहानपणी एका भविष्यवाणीला घाबरून वडिलांच्याच घरच्यांनी तिचा जीव घ्यायचं ठरवलं होतं. अशा माणसांची भाषा बोलताना तिला काय वाटत असेल? कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही मी घाबरले की तोंडातून 'आई गं'च निघतं. एलच्या तोंडून निघालेला एकही मराठी शब्द मला आठवत नाही.

असो. तरी पुस्तक जरूर वाचा, कारण आध्या आणि लिऊ या दोघींशी एलची मैत्री जमते तो भाग फार सुंदर आहे. सुरुवात देवाणघेवाणीनेच होते, आणि मग हळूहळू तिघी हिशेब ठेवायचं विसरत जातात. पुढे 'द लास्ट ग्रॅज्युएट' (२०२१) आणि 'द गोल्डन एन्क्लेव्ह्ज' (२०२२) आहेतच. शेवट सांगत नाही. फक्त वाचताना एक विचार करून बघा, त्या शाळेत आपण कोणाच्या पुढे चाललो असतो, आणि आपल्या पुढे कोणाला चालायला लावलं असतं?