मोटारीचा स्पार्क प्लग बदलतांना

मेढ्याहून केळघर घाटानें माल घेऊन महाबळेश्वराकडे चढणाऱ्या पेट्रोलच्या मोटारीस योग्य स्पार्क प्लग असणें अगत्याचें आहे. इंजिन निवाल्यावर जुना प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. तें फिकट तपकिरी असल्यास निवड योग्य समजावी. कोरडी काजळी धरली असल्यास प्लग फार थंड किंवा पेट्रोल अधिक, आणि टोंक पांढरें व पोळलेलें असल्यास प्लग फार उष्ण असण्याचा संभव असतो. एनजीके प्लगाचा आंकडा वाढेल तसा तो थंड, तर बॉशचा वाढेल तसा उष्ण होतो. सबब नुसत्या आंकड्यावरून अदलाबदल करूं नये. आट्यांचा भाग प्रमाणाबाहेर लांब असल्यास पिस्टन त्यावर आदळून इंजिन नासतें. म्हणून शेतकरीबंधूंनीं स्वस्ताई न पाहतां मोटारीच्या पुस्तिकेंतील क्रमांकच प्रमाण मानावा.